दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : बंगळूर परिसरातील दोन स्वप्नकथांचा अन्वय

मराठीत ‘दृष्टांत’ हा शब्द दोन वेगळ्या व्यवहारांत वापरला जातो. एखादा सिद्धांत समजावून देण्यासाठी सांगितलेली छोटी गोष्ट म्हणजे दृष्टांत. आणि देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन दिलेली सूचना म्हणजेही दृष्टांतच. पहिल्या अर्थाचे सर्वांत जुने आणि सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त मिळते. चक्रधरांच्या मुखातील गोष्टी केसोबासांनी तेथे एका ठरीव मांडणीत बसविल्या : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. जात्यंध हत्तीला चाचपतात आणि कोणी त्याला खांब म्हणतो, कोणी सूप म्हणतो, एवढा झाला दृष्टांत. अपुऱ्या अनुभवावरून परमेश्वराविषयी निश्चयाने बोलणाऱ्यांची गत तशीच होते, हे दार्ष्टांतिक. गोष्ट आणि तिचा अर्थ यांच्यामध्ये ऐकणाऱ्याला घसरायला जागा राहू नये, ही या मांडणीमागची काळजी आहे.

स्वप्नातल्या दृष्टांताला मात्र असे दार्ष्टांतिक नेहमीच जोडलेले नसते. कधी देव स्पष्ट आज्ञा देतो, कधी नुसते एखादे चित्र दिसते आणि झोप मोडते. त्या चित्राचा अर्थ कोणी लावायचा, कधी लावायचा आणि लावलेला अर्थ चुकला तर काय, या प्रश्नांवर जगभरच्या अद्भुत कथांनी आपला संसार उभा केला आहे. लिडियाच्या क्रीससला डेल्फीच्या देववाणीने सांगितले की, त्याने युद्ध केले तर एक मोठे राज्य नष्ट होईल; ते त्याचे स्वतःचेच निघाले, ही हिरॉडोटसने सांगितलेली कथा या साऱ्या प्रकाराची आद्य नमुनाकृती म्हणता येईल. मॅक्बेथला चेटकिणींकडून मिळालेली आश्वासनेही शब्दशः खरी होतात आणि म्हणूनच त्याचा घात करतात. विसाव्या शतकातील अद्भुत कादंबरीने हा वारसा उघडपणे घेतला. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) एकच स्वप्न दोन भावांना पडते, धाकट्याला वारंवार आणि थोरल्याला एकदाच, आणि त्याचा अर्थ विचारायला थोरला भाऊ दूरचा प्रवास करतो. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेच्या पाचव्या भागात (२००३) असे उघड होते की, जिच्यावर सगळे कथानक उभे आहे ती भविष्यवाणी दोन मुलांपैकी कोणालाही लागू पडली असती. शत्रूने त्यांतल्या एकाला निवडले आणि त्या निवडीनेच अर्थ ठरला. मराठीत या वाटेवर सर्वांत पुढे गेलेले लेखक जी. ए. कुलकर्णी. धारवाडात राहून लिहिणाऱ्या या कथाकाराने ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांच्या संग्रहाला ‘रमलखुणा’ (१९७५) हे नाव दिले. रमलाच्या पटावरील खुणा दिसतात सर्वांना. त्या वाचणारा मात्र हवा असतो, हे या नावातच सूचित आहे.

अशा कथांतील संदिग्धता कितीही गडद असली तरी ती योजलेली असते, कारण शेवट लेखकाला ठाऊक असतो. त्यामुळे समीक्षेचा प्रश्न बहुधा त्या योजनेच्या कौशल्यापुरता उरतो. इतिहासात ज्यांनी स्वप्ने पाहिली किंवा नोंदविली, त्यांच्याबाबत हाच प्रश्न वेगळा होतो. तेथे विचारावे लागते की, नोंद करताना नोंदकर्त्याला शेवट माहीत होता काय? बंगळूर आणि त्याच्या परिसराशी निगडित अशा दोन स्वप्नकथा या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. एक शहाजीराजांची, संस्कृत काव्यात आलेली; दुसरी टिपू सुलतानची, त्याच्या स्वतःच्या हातच्या फार्सी नोंदवहीतली. दोहोंचा मराठी इतिहासाशी संबंध आहे आणि दोन्ही आजही पुराव्यासारख्या वापरल्या जातात.

१६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. पुढे पाव शतक, म्हणजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत त्यांचा मृत्यू होईपर्यंत, कर्नाटकातील त्यांच्या सत्तेचे हे प्रमुख ठाणे होते. या दरबाराचे वाङ्मयीन वैभव जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त दिसते. बारा भाषांत काव्य करू शकतो हे सुचविण्यासाठी या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवले, ही हकीकत त्याच ग्रंथातली. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा चंपू प्रसिद्ध केला तेव्हा त्याला जोडलेली प्रस्तावना मूळ ग्रंथाइतकीच गाजली. जयरामाच्या काव्याचा नायक शहाजी आहे. उत्तरेत शाहजहान आणि दक्षिणेत शहाजी अशी वाटणी करण्यापर्यंत त्याची स्तुती जाते. तिच्यात वर्तमानाचे समाधान आहे आणि भविष्याची चिंता फारशी नाही.

कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हे चित्र पालटते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, राज्याभिषेकाच्या आगेमागे रचलेल्या या अपूर्ण काव्याचे हस्तलिखित तंजावरात मिळाले आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. येथे शहाजी हा पुत्राच्या कथेची पूर्वपीठिका होतो. काशीतील पंडितांना कवींद्र ही कथा सांगत आहे. बंगळुरात सुखाने नांदणाऱ्या पित्याने अल्पवयीन मुलाला दूर पुण्याला का धाडले, हे त्या श्रोत्यांना उलगडून सांगणे त्याला भाग आहे. उत्तर म्हणून स्वप्न येते. शहाजीला निद्रेत शंकराचे दर्शन होते. हा पुत्र विष्णूचा अंश आहे, पृथ्वीचा भार हलका करण्यासाठी तो आला आहे, त्याला पुण्याचे आधिपत्य द्यावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. बाराव्या वर्षी शिवाजी बंगळूर सोडतो.

या स्वप्नात संदिग्ध असे काहीच नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी मॅक्रोबियसने स्वप्नांचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत ज्या स्वप्नात पिता, पुरोहित किंवा देव प्रत्यक्ष येऊन पुढचे सांगतो त्याला वेगळे नाव दिले आहे. आणि जे स्वप्न विचित्र रूपांच्या पडद्याआड अर्थ झाकते, ज्याला उलगडा लागतोच, ते त्याने वेगळे काढले. शहाजीचे स्वप्न पहिल्या प्रकारातले आहे. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक तिन्ही देवाच्याच तोंडून येतात. शहाजीला अर्थ लावण्याचे कामच उरत नाही.

संदिग्ध आहे ती येथील ऐतिहासिक परिस्थिती. शहाजी आदिलशाहीचा सरदार होता आणि अखेरपर्यंत राहिला. त्याच आदिलशाहीच्या प्रदेशात त्याच्या मुलाने स्वतंत्र राज्याची उभारणी केली. पुण्याची जहागीर मुलाच्या नावे चालवावी, ती सांभाळायला विश्वासू कारभारी द्यावेत, एवढाच पित्याचा हेतू होता, की त्याच्या मनात अधिक काही होते? मराठी इतिहासलेखनात या प्रश्नावर मोठा वाद झाला. शहाजी हाच स्वराज्याचा मूळ संकल्पक असे मानणारे आणि त्याला कर्तबगार पण चाकरीतला सरदार समजणारे, असे दोन्ही पक्ष समर्थ आहेत. परमानंदाला हा पेच इतिहासकारांच्या फार आधी जाणवला असावा. पित्याची राजनिष्ठा आणि पुत्राचे कार्य यांतील विसंगती त्याने देवाच्या आज्ञेने मिटविली. शहाजीने मुलाला पाठविले ते बंड करण्यासाठी नव्हे, आणि न कळतही नव्हे. त्याला सांगितले गेले होते. अशा रीतीने जेथे माणसाचा हेतू अस्पष्ट, तेथे काव्याने दृष्टांत अगदी स्पष्ट करून ठेवला. प्रसंगानंतर सुमारे तीस वर्षांनी, राज्य उभे राहिलेले पाहून लिहिताना, हे शक्य होते.

म्हणूनच या स्वप्नाला शहाजीच्या हेतूचा पुरावा म्हणून पुढे करणे कठीण आहे आणि भाकडकथा म्हणून ते वगळणेही तितकेच चुकीचे आहे. ते १६४२ च्या सुमारास बंगळुरात शहाजीच्या मनात काय होते हे सांगत नाही. १६७४ च्या सुमारास रायगडाच्या आश्रयातील एका विद्वानाला त्या निर्णयाचे समर्थन करण्याची गरज वाटत होती, एवढे मात्र ते निश्चित सांगते. इतिहासाला याहून अधिक हवे असेल तर त्याने दुसरीकडे पाहावे.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर या बाबतीत अधिक गुंतागुंतीची आहे. अफजलखानाच्या प्रसंगी भवानी प्रसन्न होऊन यशाचे आश्वासन देते. मिर्झाराजा जयसिंग चालून येतो तेव्हा ती महाराजांच्या अंगात येऊन बोलते, प्रसंग कठीण आहे, हा मारला जाणार नाही, सल्ला करावा, दिल्लीस जाणे घडेल, तेथे संकट येईल पण आपण सोबत आहोत. सभासदाने एक विलक्षण तपशील दिला आहे : देवी बोलत असताना जवळच्या कारकुनांनी ते शब्द लिहून घेतले आणि महाराज सावध झाल्यावर त्यांना सांगितले. दैवी वाणीचीही टिपणी व्हावी, ही दप्तराच्या संस्कृतीत वाढलेल्या लेखकाची सवय आहे. ज्याच्या मुखातून वाणी आली त्यालाच ती कागदावरून समजते, ही कल्पना कोणत्याही आधुनिक अद्भुत कादंबरीत शोभावी.

सभासदाने बखर लिहिली ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जिंजी येथे, राजाराम महाराजांसाठी. १६९० ते १६९८ या काळात जिंजीला मोगलांचा वेढा होता. जयसिंग, आग्रा, सुटका हे सगळे त्याच्या दृष्टीने घडून गेलेले होते. तेवढ्यापुरती देवीची वाणी निश्चित आहे. पण त्याच वाणीत ती सांगते की, हे राज्य एका पिढीपुरते दिलेले नसून सत्तावीस पिढ्यांचे आहे आणि नर्मदेपर्यंतचा दक्षिण देश दिला आहे. हा भाग लिहिणाऱ्याच्याही पुढच्या काळाविषयी होता. वेढ्यात सापडलेल्या राज्याचा एक सेवक दिलेल्या वचनाची नोंद पुन्हा काढून दाखवीत आहे, असे हे वाक्य आहे. नर्मदेची मर्यादा पुढच्या अर्ध्या शतकाच्या आत मराठ्यांनी ओलांडली आणि सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सत्तावीस आकड्यापर्यंत वंशावळ मोजत बसण्याचे कारण उरले नाही. वचनाचा एक भाग अपेक्षेपेक्षा अधिक आणि दुसरा अपेक्षेपेक्षा कमी फळला.

समर्थ रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’ या स्वप्नकाव्यात आणखी एक युक्ती आहे. आनंदवन हे काशीचे नाव. म्हणून या काव्याची भूमी काशी की महाराष्ट्र, त्यातला सोहळा तीर्थाच्या मुक्तीचा की राज्याच्या स्थापनेचा, असे दोन्ही अर्थ अभ्यासकांनी लावले आहेत. पण अधिक लक्षणीय आहे ते क्रियापदांचे रूप. स्वप्नात पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी कवीने भूतकाळात सांगितल्या आहेत, औरंगजेबाचा अंतही. रामदासांचे निधन १६८२ च्या आरंभीचे आणि औरंगजेबाचे १७०७ मधले. हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीतही येणाऱ्या घटना घडून गेल्यासारख्या सांगितल्या जातात, हे तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. शेवट ठाऊक नसताना शेवट ठाऊक असल्याच्या क्रियापदांत बोलणे हे शिवभारताच्या अगदी उलट टोकाचे धाडस आहे.

आता टिपू सुलतानची वही. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत जन्मलेल्या या राजाच्या श्रीरंगपट्टणातील वाड्यात, ४ मे १७९९ च्या पाडावानंतर, इतर गुप्त कागदांबरोबर कर्नल विल्यम कर्कपॅट्रिकला एक छोटी वही सापडली. टिपूचा मुन्शी हबीबुल्ला तेव्हा हजर होता. ती वाचताना किंवा तिच्यात लिहिताना कोणी आले की सुलतान ती झाकून ठेवीत असे, असे कर्कपॅट्रिकने नमूद केले आहे. १८०० मध्ये अलेक्झांडर बीटसनच्या हस्ते ती ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना सादर झाली. आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. महमूद हुसेन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद कराचीत निघाला. १७८५ पासून टिपूच्या अखेरच्या काळापर्यंतची सदतीस स्वप्ने, त्याने स्वतः चालू केलेल्या मौलूदी कालगणनेतील तारखांसह, तिच्यात आहेत. कोणा दरबारी कवीला दाखविण्यासाठी ती लिहिलेली नाही आणि कोणाची मनधरणी करण्यासाठीही नाही. ती एका माणसाने स्वतःशी केलेली टिपणे आहेत.

यांतल्या काही स्वप्नांखाली टिपूने ताबीर, म्हणजे उलगडा, लिहिला आहे. काहींखाली काहीच नाही. चांदीच्या तीन तबकांत उत्तम ताज्या खजुराचे दर्शन झाले तेव्हा त्याने तीन शत्रूंची राज्ये आपल्या हाती येतील असा अर्थ केला. चीनच्या बादशहाचे वकील पांढरा हत्ती घेऊन आले. जामी आणि सादी या फार्सी कवींच्या भेटी झाल्या. एका स्वप्नात रघुनाथराव नावाचा मराठ्यांचा वकील येऊन सांगतो की, युरोपात इंग्रजांचा दारुण पराभव झाला असून ते आता आपण होऊन बंगाल सोडतील. मराठ्यांचा वकील इंग्रजांच्या नाशाची बातमी घेऊन यावा, हे स्वप्न १७९२ नंतरच्या टिपूच्या राजकारणाची सगळी आशा एका वाक्यात सांगून जाते. प्रत्यक्षात इंग्रजांविरुद्ध पुणे दरबार त्याच्याकडे वळला नाही.

सर्वांत प्रसिद्ध स्वप्न १७८६ च्या मराठा-म्हैसूर युद्धातले आहे. हरिपंत फडके यांच्या फौजेवर सावनूरजवळ रात्रीचा छापा घालण्याची तयारी चालू होती. स्वप्नात एक देखणा, अनोळखी तरुण टिपूजवळ येऊन बसतो. टिपू त्याच्याशी एखाद्या स्त्रीशी करावी तशी थट्टा करतो आणि लगेच मनात म्हणतो की, हे आपल्या स्वभावात नाही. तरुण उठतो, थोडे चालून परत येतो, पागोटे काढतो, केस मोकळे सोडतो, अंगरख्याचे बंद सोडतो आणि तो पुरुष नसून स्त्री असल्याचे दिसते. जागे होऊन टिपूने सहकाऱ्यांना अर्थ सांगितला : मराठ्यांनी पुरुषाचा वेश केला आहे, पण ते स्त्रियाच ठरतील. त्याखाली त्याने पुढची हकीकतही लिहिली आहे. मोजक्या माणसांनिशी छापा घातला, फडक्यांच्या तंबूपर्यंत मजल मारली, शत्रू पळाला.

या स्वप्नाशेजारी टॉल्किन यांच्या कादंबरीतला एक प्रसंग ठेवला तर अर्थनिर्णयाची यंत्रणा उघडी पडते. तेथे पिशाच्चराजाविषयी जुनी वाणी आहे की, तो पुरुषाच्या हातून पडणार नाही. तो या वाक्याला अभयपत्र समजतो. रणांगणावर त्याच्यासमोर उभा राहिलेला स्वार शिरस्त्राण काढतो, केस मोकळे होतात आणि तो पुरुषवेशातली स्त्री निघते. दोन्ही ठिकाणी दृष्टांताची अंगे जवळजवळ सारखी : पुरुषाचा वेश, उतरलेले शिरोभूषण, सुटलेले केस, उघड झालेली स्त्री. दार्ष्टांतिक मात्र पूर्ण विरुद्ध. कादंबरीत स्त्री उघड होणे हा बलवानाचा मृत्यू. टिपूच्या वहीत तो प्रतिपक्षाचा दुबळेपणा. चित्रात स्वतःत यांपैकी कोणताच अर्थ नाही. छाप्याच्या आदल्या रात्री ज्याला धीर हवा होता, त्याने चित्रातून धीर काढला.

एवढ्यावर थांबले तर टिपूचे स्वप्न खरे ठरले असे म्हणावे लागेल. पण युद्ध त्या रात्री संपले नव्हते. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात टिपूने अठ्ठेचाळीस लाख रुपये देण्याचे मान्य केले आणि बदामी, नरगुंद, कित्तूर हा मुलूख सोडला. चार वर्षांनी तोच हरिपंत, परशुरामभाऊ पटवर्धनांसह, कॉर्नवॉलिसच्या बाजूने म्हैसुरात उतरला होता. तत्पूर्वी २१ मार्च १७९१ रोजी बंगळूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला होता. १७९२ च्या तहात निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले, दोन मुलगे ओलीस गेले. वहीत १७८६ च्या त्या स्वप्नाखालची नोंद छाप्याच्या यशापाशीच संपते. स्वप्न खरे ठरले की नाही हे खाते कोणत्या तारखेला बंद केले यावर अवलंबून असते. आणि अर्थ लावणारा बहुधा आपल्या सोयीच्या तारखेला ते बंद करतो.

टिपूजवळ अर्थ लावण्याचे शास्त्र नव्हते असे नाही. इब्न सीरीनच्या नावावर चालत आलेली ताबीरची इस्लामी परंपरा खरे स्वप्न, मनाचे खेळ आणि सैतानी भास यांत भेद करते. भारतीय स्वप्नाध्याय आणि जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणी’ यांत अमुक दिसले तर तमुक फळ अशी कोष्टके आहेत. पहिल्या प्रहराचे स्वप्न वर्षाने आणि पहाटेचे लवकर फळते हा नियम तर घरोघर माहीत असतो. दोन्ही परंपरांचा टिपूच्या राज्यात वावर होता. शृंगेरीच्या मठाला त्याने विजयासाठी शतचंडी व सहस्रचंडी जप करण्याविषयी लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. अखेरच्या दिवशी ब्राह्मण ज्योतिषांनी दिवस अशुभ असल्याचे सांगितल्यावर त्याने दानधर्म केल्याचे बीटसन लिहितो. तरीही वहीतले उलगडे कोष्टकाबरहुकूम नाहीत. खजूर किंवा पागोटे यांचा ठरीव अर्थ तो शोधत नाही. त्या क्षणी समोर असलेल्या शत्रूकडे पाहून अर्थ घेतो.

अर्थ लावणारा एकटा नसून समुदाय असेल तर काय होते, याचे जिवंत उदाहरण याच भूभागात आहे. विजयनगर जिल्ह्यातील मैलार येथे, महाराष्ट्रातील खंडोबाशी नाते असलेल्या मैलारलिंगाच्या जत्रेत, गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, लाखो माणसांना शांत करतो, एकच छोटे वाक्य उच्चारतो आणि खाली झोकून देतो. या कारणिकाचा अर्थ तो स्वतः सांगत नाही. शेतकरी ते पावसाविषयी समजतात, व्यापारी बाजाराविषयी, राजकीय कार्यकर्ते सरकारविषयी. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला जमणारा धनगर समाज हाच व्यवहार मराठीत करतो. वाक्य जितके तोकडे, तितके त्यात अधिक जणांना राहता येते. वर्षभराने काही ना काही खरे ठरतेच, आणि चुकले तर वाक्य चुकले असे कोणी म्हणत नाही, अर्थ चुकला असे म्हणतात. दार्ष्टांतिक येथे कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे परंपरा टिकून राहिली आहे. टिपूला ती सोय नव्हती. त्याने वही लपवून ठेवली होती.

लपविलेली वही उघडल्यावर तिचा अर्थ लावण्याचे काम विजेत्यांकडे गेले. बीटसनने युद्धाच्या आपल्या इतिहासाला काही स्वप्ने परिशिष्टात जोडली ती सुलतानाच्या धर्मवेडाची आणि इंग्रजद्वेषाची साक्ष म्हणून. पुढे याच नोंदी काहींना साम्राज्यविरोधी योद्ध्याच्या ध्यासाचा पुरावा वाटल्या. कर्नाटक सरकारने २०१५ मध्ये टिपू जयंती सुरू केली आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. या चार वर्षांत दोन्ही वाचने रस्त्यावर आली. फडक्यांच्या फौजेला स्त्रिया म्हणणारे स्वप्न मराठी वाचकाला बोचणे स्वाभाविक आहे. पण शिवभारतातील शंकराची आज्ञा ज्याला पुरावा म्हणून चालते, त्याने टिपूच्या उलगड्यालाही पुरावा मानले पाहिजे. आणि एकाला काव्य म्हणून सवलत द्यायची तर दुसऱ्याला निदान टिपण म्हणून समजून घेतले पाहिजे. दोघांनाही एकच कसोटी लावावी लागेल : हे कोणत्या दिवशी, कोणासाठी आणि पुढचे किती ठाऊक असताना लिहिले गेले?

गिरीश कर्नाड यांनी या वहीवरून नाटक लिहिले त्यात हीच कसोटी रंगभूमीच्या भाषेत आली आहे. माथेरानला जन्मलेल्या आणि बंगळुरात १० जून २०१९ रोजी निधन पावलेल्या या नाटककाराचे लक्ष ए. के. रामानुजन यांनी या स्वप्नांकडे वेधले होते. भारतीय स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बीबीसी रेडिओने मागितलेल्या नाटकासाठी त्यांनी हा विषय घेतला. कन्नडमध्येही ते नाटक आले. त्यात टिपूचा चरित्रकार किरमाणी आणि इंग्रजांचा सर्वेक्षक कॉलिन मॅकेन्झी, सुलतानाच्या मृत्यूनंतर, त्याच्याविषयी बोलत आहेत. दोघांनाही शेवट माहीत आहे, प्रेक्षकालाही माहीत आहे. तो माहीत नाही एकट्या टिपूला. अद्भुत कादंबरीत वाचकाला जे अखेरपर्यंत कळू नये म्हणून लेखक धडपडतो, ते येथे पहिल्या प्रवेशापासून उघड आहे. त्यामुळे स्वप्नाचा अर्थ काय हे कुतूहल संपते आणि हा अर्थ त्याला कशासाठी हवा होता, हे दिसू लागते. शिवभारतातील शहाजीकडे असे पाहण्याची वाट परमानंदाने बंद केली आहे, कारण तेथे पित्याला उत्तर आधीच मिळालेले आहे.

वहीत ज्या स्वप्नांखाली टिपूने काहीच लिहिलेले नाही, त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. उलगडा असलेली स्वप्ने उद्धृत करायला सोपी. त्यांतून धर्मवेडा किंवा देशभक्त, हवा तो टिपू काढता येतो. बाकीच्या नोंदींत फक्त तारीख आहे, काय दिसले ते आहे आणि पुढे नवी तारीख. त्या रात्री त्याला अर्थ सुचला नाही, की सुचूनही लिहावासा वाटला नाही, हे त्या पानांवरून ठरविता येत नाही. केसोबासांनी दृष्टांताखाली कधीच मोकळी न ठेवलेली जागा तेथे तशीच मोकळी आहे.